माडीवरची सहा टेबले

"अम्मी, माझी मीटिंग आहे. अर्धा तास कुणी आवाज करू नका," असे सांगून लेक आतल्या खोलीत गेली. नेमक्या त्याच अर्ध्या तासात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, तिची खाला दादीची तब्येत विचारायला आली आणि गल्लीतून भंगारवाल्याची गाडी भोंगा लावून गेली. पलीकडून पुण्याच्या साहेबांनी विचारले, "तुम्ही बाजारात बसून काम करता का?" सगळे हसले. लेकही हसली. त्या रात्री मात्र ती नीट जेवली नाही.

आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक. हिंगोलीत रिसाला भागात आमचे जुने घर आहे. आयुष्यभर साठ-साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवून काम केले. त्यामुळे शांत जागा ही कामाची गरज असते, हे आम्हाला कधी उमगलेच नव्हते. लेक घरीच आहे, सावलीत बसून काम करते, पगार खात्यात येतो, आणखी काय हवे, असे आम्हाला वाटे. तिला काय हवे होते ते कळायला आम्हाला वर्ष लागले. हा लेख त्या वर्षाचा आणि त्यानंतर आम्ही जे केले त्याचा हिशेब आहे. आपल्यापैकी अनेक घरांत आज असेच लॅपटॉप उघडलेले आहेत, म्हणून तो सर्वांपुढे मांडावासा वाटला.

घर मोठे, जागा नाही

लेक नांदेडला बी.सी.ए. झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीत लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन घरी परतली. त्या वर्षी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा सगळ्याच तालुक्यांत तिच्यासारखी मुले परतली. पहिले काही महिने कौतुकाचे गेले. मग साथ ओसरली आणि कंपन्यांचा सूर बदलला. आमच्या लेकीला पत्र आले: पुण्याला या, किंवा गावात बंद दार, अखंड वीज आणि भरवशाचे इंटरनेट असलेली जागा दाखवा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलगी म्हणून आम्ही तिला अडवले नव्हते. पुण्याला पाठवायला आम्ही तयार होतो, तीच तयार नव्हती. तिची दादी अंथरुणाला खिळलेली होती आणि दादीला दोन घास भरवायचे तर ते हिच्याच हातून. शिवाय हिशेब होता. पुण्यातले हॉस्टेल, मेस, रोजची रिक्षा आणि महिन्याकाठी गावाकडची फेरी धरली तर अर्धा पगार रस्त्यातच संपत होता.

प्रथम आम्ही अभ्यासिका शोधली. अभ्यासिका आता मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले महिन्याचे पैसे भरतात, त्यांना एक टेबल, एक खुर्ची, दिवा, पंखा आणि वायफाय मिळते. लेकीने एक महिना तिथे टेबल घेतले. शांतता उत्तम होती, पण इतकी की तोंड उघडण्याची सोय नव्हती. फोन वाजला की पन्नास माना वळत. मीटिंगसाठी ती जिन्यात जाऊन उभी राही. घरी ऐकू येत नव्हते आणि अभ्यासिकेत बोलता येत नव्हते. तिला दोन्हींच्या मधली जागा हवी होती: जिथे शांतता असेल आणि कामापुरते बोलताही येईल.

मोठ्या शहरांत अशा जागेला को-वर्किंग म्हणतात, हे तिनेच आम्हाला सांगितले.

ही पद्धत आली कुठून?

को-वर्किंग म्हणजे सामायिक कार्यालय. एका मोठ्या जागेत टेबले मांडलेली असतात. कुणी दिवसासाठी, कुणी महिन्यासाठी, कुणी वर्षासाठी आपल्यापुरती खुर्ची घेतो. वीज, इंटरनेट, प्रिंटर, झाडलोट, चहा हे सगळे जागेवाल्याकडे. अनामत भरून, फर्निचर करून, वर्षानुवर्षांचा करार करून ऑफिस थाटण्याची गरज राहत नाही.

तयार ऑफिस भाड्याने देण्याचा धंदा जुना आहे. रेगस नावाची कंपनी १९८९ मध्ये ब्रसेल्स शहरात याच कामासाठी सुरू झाली. पण अनोळखी माणसांनी एकत्र बसून आपापले काम करावे, ही आजची कल्पना २००५ ची. सॅन फ्रान्सिस्को शहरात ब्रॅड न्यूबर्ग या तरुण संगणक अभियंत्याने आठवड्यातून दोन दिवस एक जागा भाड्याने घेतली, घडीची टेबले मांडली आणि लोकांची वाट पाहत बसला. पहिला महिना कुणीच आले नाही. पुढे हीच कल्पना जगभर पसरली.

भारतात बंगळूर, हैदराबाद, मुंबई, दिल्ली या शहरांत आणि आपल्या पुण्यात बाणेर, खराडी, विमाननगर भागांत अशा जागांच्या इमारतीच्या इमारती उभ्या राहिल्या. वुईवर्कचा भारतातला कारभार २०१७ मध्ये सुरू झाला. ऑफिस (लिहिताना 'ए'पासून सुरू होणारे 'ऑफिस') नावाची २०१५ मध्ये निघालेली भारतीय कंपनी मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. आता तिथे एकटा-दुकटा व्यावसायिक कमी आणि मोठ्या कंपन्याच जास्त दिसतात. शंभर-दोनशे माणसांसाठी स्वतःचे ऑफिस बांधण्यापेक्षा तयार खुर्च्या घेणे त्यांना परवडते. माणसे वाढली की खुर्च्या वाढवायच्या, कमी झाली की सोडून द्यायच्या.

मराठवाड्यातही ही हवा पोहोचली आहे. छत्रपती संभाजीनगरात तिथल्या उद्योजकांच्या 'सीएमआयए' या संघटनेच्या पुढाकाराने 'मॅजिक' ही संस्था उभी राहिली. नवा उद्योग सुरू करणाऱ्यांना ती मार्गदर्शन करते. तमिळनाडूत झोहो कंपनीने २०११ मध्ये तेनकाशीसारख्या लहान गावाकडे ऑफिस नेले आणि तिथल्याच मुलांना काम दिले. म्हणजे काम माणसाकडे येऊ शकते. त्याला टेकायला जागा मात्र लागते.

आपल्या गावाला हे नवे नाही

लेकीने हे सगळे सांगितले तेव्हा आम्हाला वाटले, यात नवल ते काय? कोर्टाच्या आवारात वकील मंडळी वर्षानुवर्षे एकाच शेडखाली आपापली टेबले मांडून बसतात. तहसीलसमोर अर्ज लिहिणारा, मुद्रांक विक्रेता आणि टायपिंगवाला एकाच पत्र्याच्या सावलीत पोट भरतात. मोंढ्यात आडत्याच्या गादीवर किती लहान व्यापारी टेकतात! फोन त्याचा, काटा त्याचा, चहाही त्याचाच. सौदा मात्र ज्याचा त्याचा. जागा वाटून घेणे आपल्या रक्तात आहे, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हते.

इस्लामी इतिहासातही याची मोठी परंपरा आहे. प्रेषितांनी (स.) मदिनेत मुस्लिमांसाठी बाजार वसवला तेव्हा तिथे बसणाऱ्यांकडून भाडे वा कर घेतला जात नसे, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. जागा कुणाच्या कायमच्या मालकीची नव्हती. मशिदीत जो आधी येईल तो पुढच्या सफेत बसतो. तसेच बाजारात जो आधी येईल त्याची ती जागा, त्या दिवसापुरती. गरीब विक्रेत्यालाही दुकान विकत न घेता व्यापार करता यावा, हा त्यामागचा विचार.

पुढच्या काळात व्यापाऱ्यांसाठी 'खान' म्हणजे सराया उभ्या राहिल्या. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात १४९१ मध्ये सुलतान दुसरा बायजीद याने बांधलेला कोझा खान आजही उभा आहे. मधे अंगण, भोवती दोन मजले खोल्या आणि तिथे रेशमाचे व्यापारी. त्या खोल्यांचे भाडे वक्फ केलेले होते आणि त्यातून इस्तंबूलच्या मशिदीचा व तिच्या संस्थांचा खर्च चाले. एकाच जागेतून व्यापाऱ्यांची रोजी निघे आणि समाजाची सोयही होई.

आणि आमची हिंगोली? हैदराबाद संस्थानच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही आमच्या मोहल्ल्यांची नावे त्या छावणीची आहेत. घोडदळ गेले, तोफा गेल्या. त्याच जागांवर घरे, शाळा, दुकाने झाली. जागेचा उपयोग काळाप्रमाणे बदलतो, हे आमच्या गावाच्या नावानिशी लिहिलेले आहे. मग आमच्या माडीचा उपयोग का बदलू नये?

माडी उघडली

माडी आम्ही मुलासाठी बांधली होती. दोन खोल्या, एक न्हाणीघर, बाहेरून वेगळा जिना. मुलगा पुण्यात स्थिरावला. ईदला येतो तेव्हा चार दिवस दारे उघडतात, एरवी तिथे गाद्यांची थप्पी आणि लग्नातले पातेले. आम्ही पातेले खाली आणले. लेकीसाठी एक टेबल लावले. घरातल्या भिशीचा नंबर लागला होता, त्या पैशातून इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली. कर्ज काढायचे नाही, व्याजात पडायचे नाही, हे आधीच ठरले होते. इंटरनेटची एक लाईन होती. दुसऱ्या कंपनीची आणखी एक घेतली, कारण एक बंद पडते तेव्हा दुसरी बहुधा चालू असते. कंपनीने फोटो मागवले, मान्य केले. लेकीची नोकरी टिकली.

खरे तर गोष्ट इथेच संपायची. पण लेक म्हणाली, "अब्बा, वीज आणि नेट एकटीसाठी जळतंय. अजून पाच टेबले मावतात." आम्ही पाच टेबले आणली. ब्रॅड न्यूबर्गला एक महिना कुणी भेटले नव्हते, आम्हाला दोन महिने भेटले नाही. हिंगोलीत लोकांना वाटे, ऑफिस म्हणजे पाटी, शिपाई आणि साहेब. कुणाच्या तरी माडीवर बसून काय ऑफिस होते?

तिसऱ्या महिन्यात पहिला मुलगा आला. दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरण्याचे त्याचे काम. घरी दोन खोल्यांत सात माणसे. मग औंढ्याकडचा एक अभियंता आला, त्याची कंपनी बंगळूरची. हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा आला. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून पाकिटातली हळद ऑनलाइन विकायची त्याची खटपट चालू आहे. त्याला फोटो, बिले आणि कुरिअरचे कागद करायला जागा हवी होती. एक ताई परदेशातल्या मुलांना ऑनलाइन कुरआन पठण शिकवते. तिला संध्याकाळनंतरचे दोन तास लागतात. यांत मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, बौद्ध आहेत. वीज गेली की सगळ्यांची मान एकाच वेळी इन्व्हर्टरकडे वळते. जुम्याच्या दिवशी दुपारी दीड तास आम्ही कुणाची मीटिंग धरत नाही, हे सर्वांना माहीत आहे. दसऱ्याला सगळ्यांच्या टेबलांवर आपट्याची पाने असतात.

हिशेब उघडा मांडतो

पुष्कळ जण विचारतात, यात पैसा किती? आमचा हिशेब असा. दोन इंटरनेट लाईनी १,५०० रुपये, वीज १,८००, झाडलोट १,०००, पिण्याचे पाणी व चहा ७००, आणि पुढच्या बॅटरीसाठी बाजूला टाकायचे १,०००. महिन्याचा खर्च ६,००० रुपये. एका टेबलाचे आम्ही १,२०० घेतो. म्हणजे पाच टेबले भरली तेव्हा नुसता खर्च निघाला.

मग लेकीने शहरातली युक्ती वापरली. सकाळी काम करणारा आणि रात्री काम करणारा यांनी एकच टेबल वाटून घ्यायचे. प्रत्येकी ७०० रुपये. दोन टेबले अशी वाटली. चार टेबलांचे ४,८०० आणि दोन वाटलेल्या टेबलांचे २,८००, मिळून ७,६००. खर्च जाता १,६०० रुपये उरतात, तेही सगळी टेबले भरलेली असतील तेव्हा आणि लेक स्वतःच्या टेबलाचे पैसे भरते म्हणून. एखादा सोडून गेला की महिना जवळपास बरोबरीत.

आता दुसरी बाजू बघा. हीच माडी आम्ही चार हजारांना भाड्याने घेतली असती तर? खर्च दहा हजार आणि कमाई जास्तीत जास्त ७,६००. पहिल्या दिवसापासून तोटा. जगातल्या सर्वांत गाजलेल्या को-वर्किंग कंपनीचेही हेच झाले. न्यूयॉर्कमध्ये २०१० मध्ये निघालेली वुईवर्क इमारती घेई दहा-पंधरा वर्षांच्या कराराने आणि खुर्च्या देई महिन्या-महिन्याने. २०१९ च्या सुरुवातीला तिची किंमत ४७ अब्ज डॉलर मानली गेली होती; त्याच वर्षी शेअर विक्रीचा बेत गुंडाळावा लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. भाडे देण्याचे बंधन वर्षांचे आणि भाडे मिळण्याची खात्री महिन्याची, हे गणित न्यूयॉर्कला जमले नाही ते हिंगोलीला कसे जमणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. जागा भाड्याने घेऊन, कर्ज काढून हा धंदा आपल्यासारख्या गावात कुणी करू नये. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५,१०३ होती; इथे ग्राहक मोजकेच असणार. पण जी जागा आधीच आपली आहे आणि रिकामी आहे, तिच्यासाठी हे उत्तम काम आहे.

आमची चूक

सगळे गोडच सांगितले तर ते खरे होणार नाही. आमच्याकडून एक मोठी चूक झाली.

ओळखीतल्या एकाने सांगितले, "सर, टेबल नको, फक्त पत्ता हवा. जीएसटीची नोंदणी करायची आहे. महिन्याला पाचशे देतो." शहरांत याला व्हर्च्युअल ऑफिस म्हणतात. माणूस बसत नाही, फक्त त्याच्या नावाची पाटी आणि टपाल. आम्ही भिडेखातर संमतीपत्रावर सही केली, वीजबिलाची प्रत दिली. करार नाही, कागद नाही. सात महिन्यांनी पडताळणीला अधिकारी दारात उभे. "या फर्मचा माल कुठे ठेवता?" आमच्याकडे माल नव्हता, फर्म नव्हती आणि त्या गृहस्थांचा फोनही लागत नव्हता. गल्लीतले लोक दारात जमले. चाळीस वर्षे ज्या गावात मास्तर म्हणून सलाम घेतला, त्या गावात त्या दिवशी मान वर होत नव्हती. जबाब दिले, लेखी खुलासा दिला, संमती मागे घेतली, तेव्हा प्रकरण मिटले.

नंतर कळले की देशभरात खोट्या पत्त्यांवर जीएसटी नोंदण्या होतात आणि त्यांविरुद्ध मे २०२३ मध्ये दोन महिन्यांची खास तपासणी मोहीमही झाली होती. खोटी बिले फाडणाऱ्याला असाच साधा, अब्रूदार पत्ता लागतो. आपला पत्ता ही अमानत आहे, पाचशे रुपयांना देण्याची वस्तू नव्हे.

लाज याची जास्त वाटली की आम्ही रोज जे वाचतो तेच विसरलो. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. ओळख आहे म्हणून लिहू नका, असे त्यात कुठेही नाही. त्या दिवसापासून आम्ही हे नियम केले:

१. ओळखपत्राची प्रत आणि एक पानी लेखी करार असल्याशिवाय कुणालाही टेबल नाही. त्यात पैसे, वेळ, सोडण्याची पूर्वसूचना आणि इंटरनेटचा गैरवापर न करण्याची हमी लिहिलेली असते. आपल्या लाईनीवरून कुणी गैरकृत्य केले तर पहिली विचारपूस लाईन ज्याच्या नावावर त्याची होते.

२. नुसता पत्ता कुणालाही नाही. जो खरोखर इथे बसून काम करतो, त्यालाच संमतीपत्र, तेही कागद तपासून.

३. पूर्ण खोली कुणाला द्यायची तर नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स' करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची असते. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या फक्त ०.२५ टक्के आहे. ते वाचवण्यात शहाणपण नाही.

४. टेबल म्हणजे नोकरी नव्हे. "डेटा एन्ट्रीचे काम देतो, आधी दोन हजार भरा" अशा जाहिराती घेऊन मुले येतात. जो काम देण्यासाठी आधी पैसे मागतो तो काम देणारा नसतो, हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवले आहे.

कर सल्लागारालाही एकदा विचारून घ्यावे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण विजेचे मीटर आणि नगर परिषदेची घरपट्टी यांचे नियम आधी समजून घ्यावेत.

मुलींचे टेबल

माडी सुरू झाल्यावर गल्लीत कुजबुज झालीच. एका छताखाली मुले-मुली, कोण येते, कोण जाते. आम्ही रागावलो नाही. आम्हीही आईबाप आहोत, विचारणाऱ्याची काळजी आम्हाला समजते. दोन खोल्यांपैकी एक बायका-मुलींसाठी ठेवली. न्हाणीघराला आतून नीट कडी, जिन्यात दिवा, येण्याजाण्याची वही, आणि खोल्यांची दारे काचेची. ज्यांनी शंका घेतली होती त्यांना चहाला बोलावून सगळे दाखवले. त्यांच्यापैकी एकाची सून आज सकाळच्या पाळीत बसते.

तिचे म्हणणे आमच्या मनात राहिले आहे. ती म्हणाली, "घरी काम करत होते तेव्हा मी घरीच आहे असं सगळे धरून चालायचे. इथे आले की मी कामावर आहे, हे त्यांनाही कळतं." काम तेच, लॅपटॉप तोच, पगारही तोच, फक्त चार तास दार बंद करून बसण्याचा हक्क मिळाला. घरी राहून कमावणाऱ्या आपल्या लेकीसुनांना आपण चहासाठी किती वेळा उठवतो, हे प्रत्येकाने आपल्या घरात मोजून पाहावे. आम्ही मोजले तेव्हा आम्हाला आमचीच शरम वाटली.

मोहल्ल्यात काय करता येईल?

आमच्या माडीवर सहाच टेबले आहेत आणि विचारायला येणारे त्याहून जास्त. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करणाऱ्या लायगो प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली; सुमारे २,६०० कोटींचे ते काम आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. जिल्ह्यात कामे येतील, माणसे येतील, आपलीही मुले परततील. त्यांना बसायला जागा आपल्याकडे आहे का?

आहे. प्रत्येक मोहल्ल्यात शादीखाना किंवा जमातखाना आहे, जो लग्नसराईचे दिवस सोडले तर कुलूपबंद असतो. शाळांच्या वर्गखोल्या दुपारनंतर रिकाम्या असतात. जुन्या वाचनालयांत वर्तमानपत्रे चाळणारे चार वृद्ध आणि उरलेल्या खुर्च्यांवर धूळ. आमच्या हिशेबात सगळ्यात मोठा खर्च जागेचा होता, आणि तोच इथे नाही. एका खोलीत आठ टेबले, दोन इंटरनेट लाईनी, एक इन्व्हर्टर आणि वही सांभाळणारा एक निवृत्त माणूस, एवढेच लागते. जागा वक्फची असेल तर ती देण्याघेण्याचे नियम आहेत. विश्वस्तांनी राज्य वक्फ मंडळाला विचारूनच पाऊल टाकावे आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लावावा. कोझा खानाच्या भाड्यातून मशिदीचा खर्च चालला. आपल्या जमातखान्याच्या टेबलांतून निदान त्याच्या विजेचे बिल तरी निघेल. एखाद्या गरजू मुलीला एक टेबल मोफत देता आले तर ती मोठी नेकी.

सुरुवात एका टेबलाने करावी. आधी मोहल्ल्यातल्या मुलामुलींना विचारावे की कोण कुठल्या कंपनीचे काम घरून करते, त्यांना किती वाजता जागा लागते. नावे निघाली नाहीत तर थांबावे. निघाली तर कुलपाची किल्ली शोधावी.

आमच्या लेकीचे गेल्या वर्षी लग्न झाले. ती कळमनुरीला असते. निकाहाची बोलणी चालू होती तेव्हा तिने सासरच्यांना एकच गोष्ट विचारली होती: "घरात दार बंद होणारी एखादी खोली आहे का?" तिच्या सासऱ्यांना आधी कळले नाही. मग ते आमची माडी बघून गेले आणि घरी जाऊन त्यांनी धान्याची खोली रिकामी केली. तिथे आता दोन टेबले आहेत. दुसऱ्यावर शेजारची मुलगी बसते.

अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.